फोटो लहान करणारा इम्तियाज

नोकरीतून मोकळी झाले आणि शेजारच्या बायकांनी पहिल्यांदा नीट विचारलं, "वैशाली, तू इतकी वर्षं अलिबागला जाऊन करत काय होतीस?"

म्हटलं, "फोटो लहान करत होते."

त्यावर एकीने मोबाइल काढला, पडद्यावर दोन बोटं ठेवली, चिमटीत धरल्यासारखा फोटो आवळला आणि म्हणाली, "हे असं? यासाठी पगार देत होते तुला?"

देत होते. आणि तिच्या बोटांखाली तो फोटो न बिघडता आवळला गेला, याच्यामागे कुणीतरी कुठेतरी डोकं फोडून घेतलेलं असतं, हे मी तिला सांगायचा प्रयत्न केला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती उठली. तेव्हा राहिलेलं आता या अंकाच्या निमित्ताने सांगते. माझ्याबद्दल फार नाही. मी आमच्या कंपनीत तपासणीचं काम करायचे, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम चालवून त्यातल्या चुका शोधायच्या. सांगायचं आहे ते इम्तियाजबद्दल.

इम्तियाज म्हसळ्याचा. वडील आखातात नोकरीला होते, परत आल्यावर त्यांनी म्हसळ्यात स्टेशनरीचं दुकान टाकलं. हा मुलगा मुंबईला शिकला आणि कोकणात परत आला. आमची कंपनी अलिबागला, बाजारातल्या एका कापडदुकानाच्या वर, दोन खोल्यांची. मालक नाईकसाहेब. दुकानांच्या वेबसाइट, शाळांची ओळखपत्रं, असली कामं आम्ही घ्यायचो. या सगळ्यात एक गोष्ट सारखी लागते. लोक मोबाइलने भलामोठा फोटो काढतात आणि तो हव्या त्या जागी बसण्यासाठी प्रोग्रॅमला आपोआप लहान करावा लागतो. ते लहान करणं इम्तियाजकडे होतं.

हे काम म्हणजे काय, ते माझ्या माहेरच्या भाषेत सांगते. मी उरणकडची, आमची मिठागरं होती. बांधावर उभं राहिलं की खाली पाण्याचे चौकोनी वाफे दिसायचे, एक पांढरा, एक करडा, एखादा गुलाबीसर. कॉम्प्युटरमधला फोटो अगदी तसाच असतो, रंगाचे बारीक बारीक चौकोन, लाखांनी. आता समजा, तुम्हाला त्या मिठागराचं लहान चित्र काढायचं आहे आणि दहा वाफ्यांच्या जागी एकच चौकोन काढायची मुभा आहे. तर कुठला रंग भराल? आळशी माणूस दहातला एक वाफा बघतो, बाकीचे नऊ सोडून देतो. कष्टाळू माणूस दहाही बघतो आणि त्यांचं मिळून जे काही दिसतं तो रंग भरतो. बहुतेक चित्रांत दोघांच्या कामातला फरक कळतही नाही. म्हणून आळशी पद्धत वर्षानुवर्षं चालून जाते. आमच्याकडेही चालली होती. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. बाजारात तयार मिळणारा प्रोग्रॅमचा तुकडा आम्ही वापरायचो, सगळेच वापरतात. त्याची मूळची सवयच तशी होती, आणि ती बदलता येते हे शोधायची गरज कुणाला पडली नव्हती.

ती गरज पाडली रेवसच्या धर्मा नाखवांनी.

नाखवांनी उमर होती तोवर समुद्र केला आणि मग रेवसला जाळ्यांचं दुकान काढलं. मुलाने आग्रह करून आमच्याकडून दुकानाची वेबसाइट बनवून घेतली. ती सुरू झाली आणि आठवडाभरात नाखवा स्वतः अलिबागच्या जिन्यावरून धापा टाकत वर आले. खांद्यावर गुंडाळलेलं जाळं होतं. ते त्यांनी इम्तियाजच्या टेबलावर पसरलं, कीबोर्डसकट.

"यात लाटा दाखव मला," ते म्हणाले.

इम्तियाज उठून उभा राहिला. "कसल्या लाटा, नाखवा?"

"त्या तुझ्या फोटोत हायत त्या! माझ्या जाळ्याला लाटा न्हाईत, भोवरे न्हाईत. आस बघ, सगळी सारखी हाय. लोकं फोन करून विचारतात, नाखवा, जाळं फाटलंय का भिजलंय? आरं, नवं कोरं हाय!"

आस म्हणजे जाळ्याचं एकेक भोक. मी स्क्रीनवर त्यांचं पान उघडलं. खरंच, लहान फोटोत जाळ्यावर वळणावळणाचे पट्टे उमटले होते, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तसे. मोठा फोटो उघडला तर तो स्वच्छ होता.

दुसरा कुणी असता तर "नाखवा, फोटो लांबून काढा" म्हणून मोकळा झाला असता. नाईकसाहेबांनी तसं सुचवलंही. इम्तियाजने मात्र नाखवांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि ते जाळं कीबोर्डवरून न हलवता त्याचा फोटो काढला. तो फोटो त्याने हळूहळू लहान करत नेला. एका टप्प्यावर लाटा आल्या. आणखी लहान केला, त्या आडव्याच्या उभ्या झाल्या. नाखवा खुर्चीत पुढे सरकले.

"हे बघा," इम्तियाज म्हणाला, "प्रोग्रॅम तुमचं सगळं जाळं बघतच नाही. ठरावीक अंतरावरचे ठिपके उचलतो. कधी दोरा हातात येतो, कधी भोक. दोरे, भोकं, दोरे, भोकं, असे झुपकेच्या झुपके येतात आणि आपल्याला लाट वाटते."

"म्हणजे तुझा प्रोग्रॅम न बघताच सांगतो व्हय?"

"हो."

"मग त्याला बघायला सांग," नाखवा म्हणाले आणि जाळं गुंडाळायला लागले.

इम्तियाजने सांगितलं. म्हणजे त्याने तो तयार तुकडा बाजूला ठेवला आणि प्रत्येक चौकोनाची दखल घेणारी रीत स्वतः लिहिली. लाटा गेल्या. मी ते फोटो नाखवांना पाठवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "लाटा गेल्या, पर जाळं काळं पडलंय. पांढरं जाळं हाय माझं."

मला वाटलं, आता हे अति झालं. मी इम्तियाजला म्हटलंही, "गिऱ्हाईक आहे, रोज काहीतरी काढणारच." त्याने स्क्रीनवर मोठा आणि लहान फोटो शेजारी शेजारी ठेवला, खिडकीचा पडदा लावला, खुर्ची मागे नेली आणि डोळे किलकिले करून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "वैशालीताई, नाखवांचं बरोबर आहे. काळं पडलंय."

त्याचं कारण त्याला शोधायला आठवडा गेला. मला समजलं ते असं. कॉम्प्युटर उजेडाचं माप जसंच्या तसं साठवत नाही. माणसाच्या नजरेला अंधारातले फरक जास्त कळतात, म्हणून तो मापं दाबून-आवळून ठेवतो. त्या आवळलेल्या मापांची सरासरी काढली, की पांढरा दोरा आणि काळं भोक मिळून येणारा रंग खऱ्यापेक्षा काळपट येतो. आधी मापं सैल करायची, मग सरासरी काढायची, मग पुन्हा आवळायची. एवढं केलं आणि जाळं पांढरं झालं. नाखवांनी या वेळी फोन केला नाही. माणसाकरवी सुके बोंबील पाठवले. कापडदुकानदाराने वासाची तक्रार केली, पण आम्ही ते वाटून घेतले.

इथे ही गोष्ट संपली असती, तर ती गमतीची गोष्ट म्हणून मी सांगत राहिले असते. त्याच दुपारी, बोंबील अजून टेबलावर असताना, कामात डोकं खुपसून बसलेला इम्तियाज एकदम वर बघून म्हणाला, "ताई, तो जुना तुकडा आपण आणखी कुठे वापरलाय?"

मी सांगायला लागले. शाळांची ओळखपत्रं, दोन हॉटेलांच्या वेबसाइट, सुपारीवाल्यांची सोसायटी, आणि...

"आणि डोळे," तो म्हणाला.

आमची बाकीची कामं दुकानदारी होती. ते एक काम वेगळं होतं. पनवेलचं एक धर्मादाय डोळ्यांचं रुग्णालय श्रीवर्धनच्या बाजूला तपासणी केंद्र चालवायचं, बोर्ली पंचतनला. मधुमेह असलेल्या माणसांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो तिथे काढला जायचा. तिथलं नेटवर्क म्हणजे बेभरवशाचा कारभार, मोठा फोटो जायचाच नाही. म्हणून आमचा प्रोग्रॅम तो लहान करून पनवेलला डॉ. सबनीसबाईंकडे पाठवायचा आणि त्या बघून सांगायच्या, डोळे ठीक आहेत की पुढे तपासायला हवेत. साखरेचा त्रास डोळ्यात उतरायला लागला की सुरुवातीला पडद्यावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. माणसाला स्वतःला काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

आमच्याकडे नमुन्याचे काही मोठे फोटो होते. इम्तियाजने त्यातला एक घेतला, त्यातले ठिपके मला दाखवले आणि जुन्या रीतीने फोटो लहान केला. मी शोधायला लागले. एक सापडला. दुसरा अर्धवट. बाकीचे नव्हते. पुसट झालेले नव्हते, नव्हतेच. प्रोग्रॅमने शेजारचा चौकोन उचलला होता आणि त्यांना ओलांडून पुढे गेला होता. तिथे छान, एकसारखा, निरोगी नारिंगी रंग होता.

त्या खोलीत आम्ही दोघंच होतो. इम्तियाज म्हणाला, "हा फोटो मी बाईंना दिला असता तर त्या म्हणाल्या असत्या, ठीक आहे."

मी त्या वेळी जे मनात आलं ते बोलले नाही, पण इथे लिहिते. मनात आलं, की हे कुणाला कळणार नाही. नवी रीत तयार आहे, ती गुपचूप बसवली की उद्यापासून सगळं बरोबर. इम्तियाज तोवर नाईकसाहेबांच्या खोलीच्या दारात पोचलाही होता.

नाईकसाहेबांनी ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला. रुग्णालयाचं काम गेलं तर कंपनीची प्रतिष्ठाही जाणार, हे त्यांना आमच्याहून जास्त कळत होतं. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "नक्की?"

"नक्की. मी दाखवतो."

"दाखवू नकोस. बाईंना फोन लाव."

फोन टेबलावर ठेवला, तिघांनाही ऐकू येईल असा. इम्तियाजने सगळं सांगितलं, आडवळण न घेता. डॉ. सबनीस म्हणाल्या, "फोटो जरा खरखरीत वाटायचे मला. मी समजले, कॅमेराच तसा आहे. कधीपासूनचे?"

"केंद्र सुरू झालं तेव्हापासूनचे. सगळेच."

"मूळचे मोठे फोटो आहेत का?"

प्रश्न तोच होता. मोठे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर राहायचे. कार्ड भरलं की कॅमेरा सगळ्यात जुने फोटो आपोआप पुसायचा आणि नव्यांना जागा करायचा. आणि दुसऱ्या दिवशी बोर्लीला मोठी तपासणी होती, आजूबाजूच्या गावांतून माणसं येणार होती. केंद्रावर प्रज्ञा नावाची नेत्रसहायक असायची. तिला फोन लावला. लागेना. बोर्लीचा टॉवर आदल्या दिवसापासून बंद होता. पुन्हा पुन्हा लावला. शेवटी इम्तियाज म्हणाला, "मी सकाळी जातो. कार्ड काढून घेतो."

"मीही येते," मी म्हटलं.

सकाळी अलिबागहून रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला गेलो आणि दिघीला जाणारी फेरीबोट धरली. मे महिना, ऊन सकाळपासूनच चढलेलं. इम्तियाज एरवी बोटीवर बडबड करणारा माणूस, त्या दिवशी कठड्याला धरून सारखा घड्याळ बघत होता. मी विचारलं, "घाबरलास का?" तो म्हणाला, "मला एकच वाटतंय ताई. आपण पोचायच्या आत ती किती फोटो काढेल?"

बोर्लीच्या समाजमंदिरात पोचलो तेव्हा बाहेर चपलांचा ढीग होता आणि आत रांग. प्रज्ञा एका आजोबांची हनुवटी कॅमेऱ्याच्या टेकूवर बसवत होती. इम्तियाज रांग ओलांडून सरळ तिच्याकडे गेला. लोक ओरडले. "ए, मागं हो! आमी काय उन्हात सुकायला आलोय?" तो वळून हात जोडून म्हणाला, "काका, तपासायला नाही आलो. दोन मिनिटं द्या."

कार्ड निघालं. आम्ही सोबत नेलेलं नवं कार्ड घातलं आणि रांग पुढे सुरू झाली. कोपऱ्यात बसून इम्तियाजने जुनं कार्ड लॅपटॉपला लावलं. बहुतेक फोटो होते. पण अगदी सुरुवातीच्या शिबिरातले काही पुसले गेले होते, काही आधीच आणि काही त्या सकाळी, आमची बोट पाण्यात असताना. त्या माणसांना पुन्हा बोलावणं हाच इलाज होता. प्रज्ञाने नावं सांगितली, आणि दुपारच्या उन्हात इम्तियाज आणि मी बोर्लीच्या आळ्या फिरायला लागलो.

बाकीचे आले. कुणी कुरकुरलं, कुणी हसलं, पण आले. अडली ती सुगंधामावशी.

बाजाराच्या मागच्या बाजूला तिचं शिवणकाम. शाळा उघडायच्या तोंडावर गणवेशांची गर्दी, खोलीत निळ्या आणि पांढऱ्या कापडाचे ढीग. ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "माझं डोळं चांगलं हाय. तुमच्याच माणसांनी कागदावर लिवून दिलंय."

"मावशी, तो कागद चुकीचा असू शकतो," इम्तियाज म्हणाला.

"चुकीचा कसा? डागदरीणबाईची सही हाय."

"बाईंची चूक नाही. त्यांच्यापर्यंत जो फोटो गेला तोच नीट नव्हता. आमच्या मशीनने बिघडवला."

आता मशीन थांबली. "मशीनने म्हंजे? मशीन काय आपल्या मनानं करते व्हय? माझी मशीन वाकडी शिलाई मारते ती मी वाकडी धरली म्हनून."

"बरोबर आहे," इम्तियाज म्हणाला. "मग असं म्हणा, मी बिघडवला. मी म्हसळ्याचा. माझं नाव इम्तियाज. म्हणून मीच बोलवायला आलोय."

तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. मग खरी अडचण सांगितली. फोटोआधी डोळ्यांत औषध घालतात, ते घातलं की दिवसभर सुई दिसत नाही. परवा शाळेला कपडे द्यायचे आहेत. मागच्या वेळी दिवस बुडाला, आता नाही बुडवणार.

"बटणं लावायची राहिलीत का?" मी विचारलं.

"ढीग हाय समोर."

"तुम्ही जा. मी लावते."

अशी मी नोकरीतली ती दुपार बोर्ली पंचतनला शाळेच्या शर्टांना बटणं लावण्यात घालवली. मावशी इम्तियाजबरोबर गेली आणि डोळ्यांवर पदर धरून परत आली. दिसत काही नव्हतं, तरी तिने शर्ट हातात घेऊन बटणं चाचपली. "ही ढिली हायत," म्हणाली. नंतर कळलं की दुसऱ्या दिवशी तिने माझी निम्मी बटणं उसवून पुन्हा लावली.

मावशीचा नवा फोटो आम्ही लहान केलाच नाही. सगळे मोठे फोटो इम्तियाजने लॅपटॉपवर स्वतः पनवेलला नेले. डॉ. सबनीसबाईंनी बाह्यरुग्ण विभाग सांभाळून, जेवायच्या सुट्टीत आणि दवाखाना संपल्यावर बसून, केंद्र सुरू झाल्यापासूनचा प्रत्येक डोळा पुन्हा बघितला. कुणावर आवाज चढवला नाही. बहुतेकांचे डोळे खरोखरच ठीक होते. काहींचे नव्हते. सुगंधामावशीचे नव्हते. ठिपके होतेच, आणि नजरेच्या मधोमध, जिथे सुईचं नेढं दिसतं तिथेच, सूज यायला लागली होती. तिला पनवेलला बोलावून घेतलं. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागली, साखरेची औषधं बदलली. बाई म्हणाल्या, "अजून काही महिने गेले असते तर मी फार काही करू शकले नसते." होती तेवढी नजर टिकली.

सगळंच चांगलं झालं असं मी लिहिणार नाही. ज्यांचे फोटो पुसले गेले त्यांतला एक ट्रकवाला आम्हाला कधीच सापडला नाही. त्याचा नंबर बंद होता. गावात कुणी म्हणे तो गुजरातकडे गेला, कुणी म्हणे कर्नाटकात. इम्तियाजने पुढचं वर्षभर दर थोड्या दिवसांनी तो नंबर फिरवलेला मी बघितलाय. त्या ट्रकवाल्याचे डोळे ठीक असतील, बहुतेकांचे होतेच. पण आम्हाला ते माहीत नाही.

रुग्णालयाने आमचं काम काढून घेतलं नाही. बाईंनी फक्त एक सांगितलं, "मला असं काहीतरी द्या, की लहान फोटोत काय हरवलंय ते मला कळेल."

त्यावर इम्तियाजने जे केलं ते मी माझ्या सगळ्या नोकरीत बघितलेलं सगळ्यात देखणं काम. नुसती जाळ्यावाली नवी रीत बसवून भागणार नव्हतं. त्या रीतीत ठिपका नाहीसा होत नाही, पण आजूबाजूच्या रंगात मिसळून फिका पडतो. मग त्याने प्रोग्रॅमला स्वतःचंच काम तपासायला लावलं. प्रोग्रॅम फोटो लहान करतो, तो लहान फोटो पुन्हा मोठा करून मूळ फोटोवर ठेवतो आणि बघतो, कुठे कुठे जुळत नाही. जिथे जुळत नाही तिथे आपण काहीतरी गमावलंय. तेवढे छोटे तुकडे तो मूळच्या आकारात लहान फोटोबरोबर पाठवतो. पाठवायचं ओझं थोडंसंच वाढतं आणि बाईंच्या स्क्रीनवर त्या जागा भिंगाखाली धरल्यासारख्या उघडतात.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा प्रोग्रॅमने अभिमानाने काय काय शोधलं म्हणाल, तर भिंगावरची धूळ, पापणीचा केस आणि प्रज्ञाच्या बोटाचा ठसा. प्रज्ञा वैतागली. मी तपासणीवाली, मीही यादीच काढली तक्रारींची. इम्तियाज खजील होऊन बाईंना म्हणाला, "थोडा वेळ द्या, धूळ ओळखायला शिकवतो."

बाई म्हणाल्या, "शिकव. पण मला धूळ दाखवलीस तरी चालेल, ठिपका लपवू नकोस."

ते वाक्य त्याने मनावर घेतलं. धूळ कमी करताना एकही खरा ठिपका सुटत नाही ना, हे बघायला त्याने मला कामाला जुंपलं. मी दिवसचे दिवस डोळ्यांच्या आतलं जग बघत राहिले. वैताग यायचा, पण तो कधी म्हणाला नाही की आता पुरे. कुठे एक ठिपका निसटला की तो खुर्ची ओढून शेजारी येऊन बसायचा, "दाखवा ना, कुठला?" अशा सुरात, जणू मी त्याला काही भेट आणली आहे. माझ्या कामात लोक सहसा माझ्यावर चिडायचे. मी चूक काढल्यावर आनंद होणारा माणूस मी तो एकच बघितला.

पुढच्या मे महिन्यात बोर्लीला पुन्हा मोठी तपासणी होती आणि नवा प्रोग्रॅम नीट चालतोय ना हे बघायला आम्ही दोघंही गेलो. रांगेत सुगंधामावशी होती. एकटी आली नव्हती, आळीतल्या चार बायकांना ओढून आणलं होतं. स्वतःचा फोटो काढून झाल्यावर ती उठेना. इम्तियाजला म्हणाली, "मला बघू दे."

त्याने तिचा डोळा स्क्रीनभर मोठा करून दाखवला. लालसर गोल, त्यात नद्यांसारख्या शिरा. डोळ्यांत औषध असल्यामुळे तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती अगदी जवळ झुकली, हात लावू की नको अशी.

"असा हाय व्हय आत," म्हणाली. मग विचारलं, "आणि तू गेल्या सालाला बिघडवलं म्हनालास, ते काय?"

बाकीच्या बायका बघत होत्या. इम्तियाजने जुना लहान फोटो उघडला, शेजारी त्याच वर्षी पुन्हा काढलेला मोठा ठेवला, आणि मोठ्यातल्या एका ठिपक्यावर बोट टेकवलं. "हा इथे आहे. आणि ह्यात बघा, नाही. हा मी गमावला होता."

मावशीने डोळे बारीक केले. बोटाच्या जवळ नाक नेलं. बराच वेळ शोधत राहिली.

"कुठं?"

"हा. हा इथे."

"येवढासा?"

"एवढासाच."

ती मागे सरकली, पदर सारखा केला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"येवढासा तुला दिसला," ती म्हणाली, "म्हंजे तुझं डोळं बरं हायत रं बाबा." आणि रांगेतल्या पुढच्या बाईला हाताने पुढे ओढून म्हणाली, "बस गं. ह्याच्याम्होरं बस."